राजांची नावं न सांगणारे सर

आमच्या इंटरनॅशनल सिटीत इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत. इंग्लंड, फ्रान्स, स्पेन, इटली, रशिया. राहणाऱ्यांना त्याचं काहीच वाटत नाही. "मी स्पेनमध्ये आहे, तू रशियाच्या बस स्टॉपवर ये," असं आम्ही कोथिंबीर आणायला निघताना बोलतो. सरांनी मात्र ही नावं मनावर घेतली होती.

दुबईत आल्यावर ते राहिले इटलीत. एका खोलीत चौघे, त्यातली खिडकीजवळची कॉट त्यांची. दोन वर्षांनी, कुणाशी भांडण नाही, काही अडचण नाही, त्यांनी दोन बॅगा आणि पुस्तकांचे पाच खोके उचलले आणि स्पेनमध्ये गेले. तिथून वर्षभराने फ्रान्सला. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते फ्रान्समध्ये होते आणि इंग्लंडमध्ये कॉट शोधत होते.

"फ्रान्समध्ये काही त्रास आहे का सर?" मी विचारलं.

"त्रास कसला? माझं वाचून झालं तिथलं. आता इंग्लंडचं सतरावं शतक काढलंय. वाचायचं इंग्लंडचं आणि झोपायचं फ्रान्समध्ये, हे मला जमत नाही."

हे त्यांनी इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की मला हसताही येईना. त्यांना एकच खंत होती, की जर्मनी नावाचा गटच नाही. "सगळ्यात मोठी उलथापालथ जिथे झाली, नेमकी तिथलीच बिल्डिंग बांधली नाही," असं ते म्हणत, आणि हे बिल्डरकडून चुकून राहिलंय असा त्यांचा ठाम समज होता.

सर आमच्या कंपनीत टाइमकीपर होते. अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीत व्हिलांच्या नव्या वसाहतीसाठी सांडपाण्याच्या लाइन टाकायचं काम चालू होतं. तिथे सकाळी कामगार मोजायचे, कोण आला, कोण नाही, कुणी किती तास काम केलं हे भरायचं, एवढंच त्यांचं काम. वय पंचावन्नच्या पुढे. सडपातळ, उंच, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, जुलैतही. मी त्याच साइटवर सेफ्टी विभागात डॉक्युमेंट कंट्रोलर होते, म्हणजे फॉर्म तयार करायचे, सह्या घ्यायच्या, फायली लावायच्या. कंपनीने सरांना कॅम्पमध्ये जागा देऊ केली होती. पण कॅम्प अबू धाबीत, आणि तिथे देश नव्हते. म्हणून ते रोज आमच्या कारपूलमधून यायचे. गाडी जोसेफची. जोसेफ केरळचा, आमचा सर्व्हेअर. पुढे तो आणि सर, मागे मी आणि माझी झोप.

माझी झोप सरांनी पहिल्याच आठवड्यात मोडली.

"जोसेफ, आपको मालूम है, छापखाना आया तो सबसे पहले क्या-क्या छपा?"

"बायबल, सर."

"बायबल तो छपा ही. लेकिन साथ में पापमुक्ती की पावती भी छपी. छापील फॉर्म. नाम की जगह खाली. नाम भरो, पाप माफ."

जोसेफने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तो रविवारी न चुकता चर्चला जाणारा माणूस. "सर," तो म्हणाला, "सुबह सुबह चर्च के बारे में मत बोलो."

"मैं चर्च के बारे में नहीं, स्टेशनरी के बारे में बोल रहा हूँ," सर म्हणाले.

असा दीड तास जायचा. सकाळी सोळावं शतक, संध्याकाळी सतरावं. वाटेतल्या घंतूतच्या पेट्रोल पंपावर आम्ही करक चहाला, म्हणजे दाट दुधाच्या कडक चहाला, थांबायचो. तिथे कागदी कप हातात धरून त्यांनी सांगितलं होतं, की इंग्लंडच्या एका राजाला कॉफीच्या दुकानांची भीती वाटायला लागली. लोक तिथे बसून राज्यकारभारावर बोलतात म्हणून त्याने दुकानं बंद करायचा हुकूम काढला आणि थोड्याच दिवसांत निमूटपणे मागे घेतला. "कोणता राजा?" मी विचारलं. सरांनी चहाचा घोट घेतला आणि दुसरीकडे पाहिलं.

राजांची नावं ते सांगत नसत. हा त्यांचा नेम होता. फर शिवणाऱ्याबद्दल, विणकराबद्दल, छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याबद्दल, मिठाच्या करामुळे गाव सोडलेल्या बाईबद्दल ते तासभर बोलत. राजा आला की नुसता "राजा". दुसरा आला की "त्याचा मुलगा". जोसेफला एकदा शंका आली की सरांना नावं येतच नसतील. त्याने तसं बोलूनही दाखवलं. सरांनी गाडीची काच खाली केली, आणि एका दमात, क्रमांकासकट, इंग्लंड, फ्रान्स आणि स्पेन अशा तिन्ही देशांच्या तीनशे वर्षांतल्या राजा-राण्यांची नावं म्हणून दाखवली. मग बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं, पंप येईपर्यंत तसंच धरून ठेवलं आणि उतरल्यावर चूळ भरली.

या नेमाची त्यांनी किंमत मोजली होती. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ते इतिहास शिकवत, चौदा वर्षं, घड्याळी तासावर. कायम होण्याची वाट बघत. पण विद्यापीठाच्या पेपरात त्यांच्या मुलांनी "त्या वेळी एक राजा होता" असं लिहून यायला सुरुवात केली, आणि प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. सर म्हणाले, "मुलांनी बाकीचं उत्तर बरोबर लिहिलंय ना?" ती त्यांची शेवटची टर्म. पुढे त्यांचाच एक जुना विद्यार्थी, इथे फोरमन झालेला, त्यांना घेऊन आला. बायको इस्लामपूरला प्राथमिक शाळेत शिक्षिका. "आयुष्यभर घड्याळी तासावर राबलो," सर सांगत, "इथे निदान घड्याळ माझ्या हातात आहे." हे ते इतक्यांदा सांगत, की जोसेफला ते मराठीतून पाठ झालं होतं.

माझ्या मुलीला शाळेत युरोपवर प्रोजेक्ट होता तेव्हा मी हौसेने सरांना घरी बोलावलं. नवऱ्याला दुबई मरीनातल्या ऑफिसातून यायला उशीर होता. सर बूट काढून, पाय धुऊन, जमिनीवर मांडी घालून बसले आणि तिच्याशी दोन तास बोलले. मी आत बटाट्याची भाजी करत होते. भाजीचा वास आल्यावर ते तिला बटाट्यावर घेऊन गेले. बटाटा अमेरिकेतून युरोपात आला तेव्हा लोक त्याला हात लावायला कसे घाबरत, आणि मग त्यानेच गरिबांना कसं जगवलं.

"बट सर," माझी मुलगी म्हणाली, "हू वॉज द किंग?"

"ही वॉज हॅविंग हिज लंच," सर म्हणाले.

प्रोजेक्टवर टीचरने "इंटरेस्टिंग, बट इनकम्प्लीट" असं लिहून पाठवलं. मुलीने तो कागद आजही टाकलेला नाही.

हे सगळं गमतीचं झालं. पण सरांकडे मी पाहायला लागले ते एका वेगळ्या सकाळपासून. त्या दिवशी धुकं होतं, गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. सर जर्मनीतल्या शेतकऱ्यांबद्दल सांगत होते.

"एका मठातल्या साधूने धर्मग्रंथ लोकांच्या बोलीत आणला. तोपर्यंत तो पंडितांच्या भाषेत. आता शेतकऱ्याने ऐकला. ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण कुणाच्या मालकीचे आहोत असं यात कुठेच लिहिलेलं नाही. मग त्यांनी आपली मागणी लिहून काढली. बारा कलमं. जंगलातलं लाकूड आम्हाला तोडू द्या, नदीतले मासे धरू द्या, वेठबिगार कमी करा. लिहून कुणी दिली? फर शिवणाऱ्या एका कारागिराने. आणि ताई, शेवटचं कलम काय असेल?"

"काय?"

"यातलं एखादं कलम ग्रंथाच्या विरुद्ध आहे असं दाखवून द्या. आम्ही मागे घेऊ." ते थांबले. "इतकं सभ्य पत्र मी दुसरं वाचलेलं नाही."

"मग काय झालं?"

"मारले. हजारोंनी मारले. आणि ज्याने त्यांच्या बोलीत ग्रंथ आणला, त्या साधूनेच लिहिलं, की यांना मारा."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. मला आठवतं, त्यांच्या कानामागे घाम होता आणि एसी चालू होता. पाच शतकांपूर्वी मेलेल्या माणसांसाठी कुणाला असा चष्मा पुसताना मी पाहिलं नव्हतं.

मग तो फॉर्म आला. आला म्हणजे काय, मीच आणला.

मॅनहोलमध्ये, टाकीत, जिथे हवा खेळत नाही अशा जागी उतरणाऱ्या प्रत्येक कामगाराला आधी शिकवावं लागतं. तसं शिकवल्याचं पत्र, त्या कामगाराच्या सहीचं, फाइलला हवं. क्लाएंटची माणसं दोन दिवसांनी फाइल तपासायला येणार होती आणि पत्रं नव्हती, कारण शिकवणंच झालं नव्हतं. ते पुढच्या महिन्यात करू असं ठरलं होतं. मी मागच्या प्रोजेक्टचा इंग्रजी फॉर्म उघडला, वरचं नाव बदललं, सव्वाशे प्रती काढल्या, प्रोजेक्ट मॅनेजरची सही घेतली आणि सरांच्या टेबलावर ठेवल्या. सकाळी हजेरी घेताना सह्या घ्यायच्या, एवढंच. असे किती फॉर्म त्यांनी माझ्यासाठी आधी भरून आणले होते.

दुपारी सर गठ्ठा घेऊन परत आले. एकही सही नव्हती.

"ताई, यातलं क्रियापद भूतकाळी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"'मला प्रशिक्षण मिळाले आहे.' 'मला गॅस तपासण्याचे यंत्र वापरता येते.' कधी मिळालं? कुणाला येतं?"

"सर, पुढच्या महिन्यात होणारच आहे. फॉर्मॅलिटी आहे ही."

"उद्या कुणी आत पडला, तर हा कागद सांगणार, की त्याला सगळं येत होतं, चूक त्याची." ते उभेच होते. आवाज चढलेला नव्हता. "पूर्वी निदान पाप करणाऱ्याच्या नावाने पावती फाडत होते, ताई. इथे पाप आपलं आणि पावतीवर नाव त्यांचं."

मला राग आला. खरं सांगायचं तर लाज वाटली, पण तेव्हा ती रागासारखीच वाटली. मी म्हटलं, "सर, इतिहास गाडीत ठीक आहे. इथे मला उद्यापर्यंत सह्या हव्यात."

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग मी वाचून दाखवतो. ऐकून ज्याला करायची तो करील."

दुसऱ्या दिवशी पंपावर त्यांनी चहा घेतलाच नाही. कप गाडीच्या टपावर तसाच ठेवून माझ्याजवळ आले.

"मला माझी भीती नाही," ते म्हणाले. "मी परत जाईन, बायकोचा पगार आहे. पण वाचणार मी, आणि भोगणार ते. वाचून दाखवणारा नेहमीच सुटतो. जर्मनीतल्या त्या शेतकऱ्यांचंही तेच झालं."

"मग नका वाचू सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नका वाचू म्हणजे न वाचताच सह्या घ्या, असं मी म्हणाले होते, ते मला तेव्हाच कळलं.

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळे सावलीत जमतात, दिवसाच्या सूचना ऐकतात. त्या दिवशी सूचना झाल्यावर सर पुढे गेले. आधी हिंदीत, मग मराठीत, एकेक ओळ, शाळेत धडा वाचतात तसा त्यांनी तो फॉर्म वाचला. स्वतःचं एक अक्षरही त्यात घातलं नाही. सही करा म्हणाले नाहीत, करू नका म्हणाले नाहीत. तेलुगू गवंड्यांना त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं, बंगाल्यांना दुसऱ्याने. ते सांगणं संपेपर्यंत सर कागद धरून थांबले.

पुढच्या रांगेत हनीफभाई होते. दापोलीकडचे, पाइप फिटर, वीस वर्षं आखातात. कोकणी हेल काढत ते म्हणाले, "सर, पण हे आम्हाला शिकवलं कधी?"

"ते मला माहीत नाही, हनीफभाई. कागदात तारीख नाही."

हनीफभाईंनी मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी ओरडलं नाही. कुणी हात वर केला नाही. हेल्मेट घातली, आणि सगळे आपापल्या कामाला निघून गेले. टेबलावर सव्वाशे कागद आणि एक पेन राहिलं.

तासाभरात प्रोजेक्ट मॅनेजरनी सरांना आणि मला बोलावलं. बोलणं इंग्रजीत झालं. ते फार चिडले होते. "तुम्ही आधी माझ्याकडे का नाही आलात? सगळ्यांसमोर वाचायची काय गरज होती?"

"सर, तुम्हाला इंग्रजी येतं," सर म्हणाले. "खाली तुमची सही आहे. मला वाटलं, तुम्ही वाचलाय."

मॅनेजरनी गठ्ठ्यातला वरचा कागद ओढला आणि वाचायला लागले. पूर्ण वाचला. मग पुन्हा वरून वाचला.

"नव्हता वाचला," ते म्हणाले.

मला गप्प बसता आलं असतं. सरांनी माझं नाव घेतलेलं नव्हतं आणि घेणारही नव्हते, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "मीही नव्हता वाचला. जुन्या फाइलमधून काढला."

त्या आठवड्यात क्लाएंटला फाइल अपुरी दाखवली गेली, आणि त्यावरून बोलणी खावी लागली. पण पुढच्या महिन्याची वाट न बघता शिकवणारा माणूस आला. चार दिवस रोज अर्धा दिवस वर्ग. शिकवणारा इंग्रजी बोलायचा आणि सर भाषांतर करायचे. म्हणजे तो दोन वाक्यं बोलला की सर दहा बोलायचे. पट्टा कसा बांधायचा, मॅनहोलवर दोर ओढायच्या चाकाची तिपाई कशी उभी करायची, आत हवा सोडणारा पंखा कसा लावायचा, दोर कुठे अडकवायचा, यंत्राचा कोणता आकडा वाईट. "आधी हवा, मग माणूस," हे त्यांनी सगळ्यांकडून घोकून घेतलं. आणि दुसरं एक. "आत कुणी पडला, की आपला जीव खाली ओढतो. भाऊ आहे, गाववाला आहे, उडी मारावीशी वाटते. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, आणि तिघेही जातात. म्हणून धावायचं, पण वर. खाली नाही." शेवटच्या दिवशी त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं. जो चुकला त्याला बसवून पुन्हा सांगितलं. जेवणाची वेळ टळून गेली, कुणी उठलं नाही. मग सव्वाशे सह्या झाल्या. क्रियापद बरोबर होतं.

महिन्याभराने हेड ऑफिसमधून सरांच्या बदलीचं पत्र आलं. रुवैसकडे वाळवंटात कंपनीचं स्टोअर आहे, तिथे. कारण लिहिलेलं नव्हतं. आमच्या मॅनेजरनी थांबवायचा प्रयत्न केला होता असं नंतर कळलं, पण तो त्यांनी कितपत केला हे मला माहीत नाही. सरांनी एका शुक्रवारी इंग्लंड सोडलं. जोसेफ आणि मी खोके गाडीत भरायला गेलो. त्यांच्या खोलीतले तीन सोबती, एक बिहारी, दोन तमिळ, ते खोके खाली घेऊन आले. त्यातला बिहारी मला म्हणाला, "दीदी, अब हमको नींद कैसे आएगी? रोज सुनते सुनते सोते थे."

"सर, तिथे कुठला देश नाही," मी म्हटलं.

"वाळवंट आहे ना," ते म्हणाले. "बघू, त्याचंही काहीतरी वाचायला लागेल."

त्यानंतरचे कित्येक आठवडे गाडीत कुणी बोलायचं नाही. जोसेफने रेडिओ लावून पाहिला, बंद केला. मला झोपायला मिळत होतं, पण झोप येत नव्हती.

पुढच्या एप्रिलमध्ये, सकाळच्या चहानंतर, गणपत मॅनहोलमध्ये पडला.

गणपत संगमेश्वरचा. पंचेचाळिशीचा, जाडजूड, कमी बोलणारा. सकाळी हवा तपासून तो उतरला होता, काम करून वर आला, चहा प्याला. मग फावडं खाली राहिलं म्हणून पुन्हा उतरला. दोनच मिनिटांचं काम, म्हणून या वेळी हवा तपासली नाही. पण पट्टा अंगावर होता आणि दोर तिपाईला होता, कारण तो काढायचा त्याने कंटाळा केला होता. खाली टेकला आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला.

वर दोघे होते, दोघेही त्याच्याच गावाकडचे. एकाने शिडीवर पाय टाकलासुद्धा. हनीफभाईंनी पाइप फेकून दिला, धावत आले आणि मॅनहोलच्या तोंडाशी हात पसरून आडवे उभे राहिले. त्या पोराने त्यांना ढकललं, शिव्या दिल्या, "मरतोय तो!" म्हणून ओरडला. हनीफभाई साठीला आलेले, तरी हलले नाहीत. "वर धाव!" ते ओरडत होते. "वर! खाली नाही! पंखा लाव! चाक फिरव!"

पंखा लागला. तिपाईचं चाक दोघांनी फिरवायला घेतलं. मी ऑफिसच्या कंटेनरमधून पळत पोचले तेव्हा गणपतचं डोकं वर येत होतं, मान कलंडलेली, ओठ निळे. खाली कुणीही उतरलं नव्हतं. वाळूत त्याला आडवं केल्यावर जोसेफ त्याच्या छातीशी कान लावून बसला, आणि बराच वेळ त्याने मान वर केलीच नाही. मग गणपत खोकला.

तीन दिवसांनी तो हॉस्पिटलमधून परत आला. शिडीवर पाय टाकणारा तो गाववाला हनीफभाईंजवळ जाऊन नुसता उभा राहिला. हनीफभाईंनी त्याच्या हातात एक पाना दिला आणि कामाला लावलं.

मी सरांना फोन केला होता त्याच दिवशी. ते सगळं शांतपणे ऐकत होते. मध्येमध्ये प्रश्न विचारत होते. पंखा आधी लावला की दोर आधी ओढला? दोर पाठीला अडकवला होता की छातीला? कुणी उतरलं नाही ना? नक्की ना? मग फोन नुसता चालू राहिला. मी दोनतीनदा "सर" म्हणून हाक मारली. शेवटी स्टोअरमधला दुसराच कुणी बोलला. "मॅडम, सर बैठ गए हैं. पानी दिया है. ठीक हैं."

त्या रविवारी जोसेफ पहाटेचं चर्च आटोपून आला आणि आम्ही त्यांना भेटायला गेलो. गाडी जोसेफची. मागे मी, हनीफभाई आणि गणपत. कॅम्पवरून पुढे दोन-अडीच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू. गणपत खिडकीतून बाहेर बघत होता. त्याने नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेषा तशाच होत्या.

सर गेटवर उभे होते. आणखी वाळले होते, वरचं बटण लावलेलं. गणपत गाडीतून उतरला तो सरळ त्यांच्या पायाशी वाकला. सर दोन पावलं मागे उडाले. "अरे, अरे! हे काय? काम हनीफभाईंनी केलं, दोर तू स्वतः बांधला होतास. मी तर इथे नट मोजत होतो." पुन्हा पुढे येऊन त्यांनी हात गणपतच्या दोन्ही खांद्यांवर ठेवले आणि त्याला दाबून दाबून पाहिलं, भाजी बघतात तसं. मग आम्हाला आत घेऊन गेले.

त्यांनी स्वतः वरण-भात केला होता, लोणचं गावचं होतं. पत्र्याच्या खोलीत भिंतीला लागून पुस्तकं होती. आम्ही पोटभर जेवलो. कुणाला त्या दिवसाबद्दल बोलायचं नव्हतं. सरांना तर नव्हतंच. त्यांनी हात धुतले, भिंतीला टेकून बसले आणि विषय काढला, समुद्राच्या पातळीखाली जमीन असलेल्या लोकांचा. ते लोक बंधारे कसे बांधत, पाणी उपसायला पवनचक्क्या कशा लावत. आणि बंधाऱ्याच्या सभेत जमीनदाराइतकाच लहान शेतकऱ्यालाही बोलायचा हक्क कसा मिळाला. "कारण बंधारा फुटला, तर पाणी सरदाराच्या घरात वेगळं आणि कुळाच्या घरात वेगळं शिरत नाही. एकदा हे कळलं, की मग माणसं एकमेकांचं ऐकायला लागतात. पुस्तक वाचून नाही लागली, हनीफभाई, चिखलात उभं राहून लागली."

हनीफभाई मान हलवत होते. जोसेफने मोठ्या खुशीने विचारलं, "सर, वहाँ राजा कौन था?" आणि सरांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

तेवढ्यात घोरण्याचा आवाज आला. गणपत भिंतीला टेकून, पाय पसरून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. नव्या शर्टावर वरणाचा एक डाग पडला होता. छाती सावकाश वर येत होती, खाली जात होती. हनीफभाई ओशाळले. ज्याने जीव वाचवला त्याच्यासमोर हा झोपतो म्हणजे काय! त्यांनी त्याला हलवायला हात पुढे केला.

"उठवू नका," सर म्हणाले.

ते गणपतकडे बघत राहिले. आम्हीही बघत राहिलो.

"छान चाललाय श्वास," ते म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला, अगदी कुजबुजण्याइतका, आणि बंधाऱ्याची गोष्ट पुढे सांगायला लागले.